हात वर केलेला माणूस

चेअरमन सुंदररावांनी दोरीचं एक टोक जमिनीवर दाबून धरलं, ओव्हरसियरनं दुसरं भिंतीवरून वर नेलं, आणि दोरी पुन्हा कमी पडली. मागच्या खेपेला वीतभर. आज चांगली हातभर.

भिंतीवर गेरूचा पंजा होता, बद्रीनाथचा. बहात्तरच्या त्या दुष्काळात सोसायटीला विहीर मंजूर झाली ती दहा परस खोल. परस म्हणजे हात वर करून उभा असलेला माणूस. माप लांब तर विहीर खोल, एवढं गावाला कळत होतं. म्हणून गावानं आपला सगळ्यात उंच गडी पुढं केला. मध्येच माणूस बदलायला नको म्हणून ओव्हरसियरनं बद्रीनाथच्याच घरात त्याचा उंचावलेला पंजा उमटवून घेतला आणि तेवढी दोरी कापली. महिन्याभरात विहिरीत दगड सुटला आणि माप मेलं. ठसा राहिला.

दहा परस भरले की काम बंद, पाणी लागो न लागो. मग खडक फोडायचा कॉम्प्रेसर पुढच्या गावाला. पुढचं गाव म्हणजे चेअरमनची सासुरवाडी. त्यामुळे दहा भरण्याची त्यांना गावापेक्षा थोडी जास्त घाई होती. गावाजवळ मात्र ओढ्यातला एक झिरा उरला होता आणि तोही वाटीवाटीनं भरत होता.

"वैनी," सुंदरराव बद्रीनाथच्या बायकोला, वच्छलाबाईला म्हणाले, "मेलेलं माणूस वाढतंय का?"

"तुमच्या सोसायटीत मेलेली माणसं मतदान करत्यात, भाऊ. मंग वाढायला काय हाय?"

ओव्हरसियर हसला नाही. त्याला नियम माहीत होता. माप म्हणजे ठसा, दोरी नव्हे. "दहा भरलेले नाहीत. खोदकाम चालू ठेवा," तो म्हणाला आणि नवी दोरी कापू लागला.

सुंदररावांनी ठसा जवळून पाहिला. गेरू जुना, फिकट. करंगळी तीच वाकडी. खाली पुसल्याची खूण नाही. तिथवर हात पोचेल असं गावात आता कुणी उरलं नव्हतं. दाराशी आठ दिवस बसवलेल्या सिदू कोतवालाला त्यांनी विचारलं, "आत कोण येतंय बे?"

"कुणीच न्हाई. बाई निस्ती सारवती. प्यायला पाणी न्हाई अन् ही कशापायी सारवती, द्येवाला ठावं."

तेवढ्यात विहिरीकडून आरडाओरडा उठला. पाणी! पाणी लागलं! ओव्हरसियर दोरी टाकून पळाला. त्याच्यामागं सिदू.

सुंदररावांचे पाय जागचे हलले नाहीत. मघाशी उंबऱ्यावरून उतरताना पाय अंमळ खोल गेला होता; तेव्हा त्यांनी ते वयावर ढकललं होतं. आता ते वाकले. भिंतीच्या बुडाशी जुन्या सारवणाची कड जमिनीच्या वर उघडी पडली होती.

"अगं बया! जमीन उकरली तुमी! ठसा जिथल्या तिथं, अन् तुमी घरच खाली नेलं. हातभर!" ते इतके हसले, की डोळ्यांत पाणी आलं. "भ्याऊ नका. पाणी लागलंय. मी कुणाला बोलत न्हाई."

वच्छलाबाई खाली बसली. तिनं अंगठा जमिनीवर टेकवला आणि करंगळी ताणून वर नेली. करंगळी जुन्या सारवणाच्या कडेला बरोबर लागली.

"हातभर कुठली, भाऊ? मी वीतभरच उकरली," ती वर पंजाकडं बघत म्हणाली. "बाकीचं त्यांनी केलं."