बटण एकदाच दाबा

रक्तपेढीच्या वेबसाइटवर घाबरलेले नातेवाईक मागणीचं बटण चार-चारदा दाबायचे आणि एकाच रुग्णासाठी चार पिशव्या अडकून पडायच्या. म्हणून प्रोग्रामर ताईने आज सकाळी देवाचं नाव घेऊन नवी सोय सुरू केली. माहिती तंतोतंत तीच असली, की दुसरी मागणी आपोआप रद्द.

दुपारी सोय कशी चालते ते पाहायला ती स्वतःच पिशव्या देण्याच्या खिडकीशी बसली होती, तेव्हा एक तरुण आला. हातात एक पिशवी पडली तरी तो हलेना. नुसता या पायावरून त्या पायावर होत राहिला.

“दादा, नामस्मरण दिवसभर करा, बटण मात्र एकदाच दाबायचं बरं का,” ताई हसून म्हणाली. “तुम्ही दोनदा दाबलंत.”

“हो ताई. फॉर्मही दोनदा भरला.”

“मग! आईचं नाव तेच, जन्मतारीख तीच, रक्तगट तोच. बाळाच्या नावाची जागा दोन्हीकडे रिकामी.”

“नावं ठेवायला सवड कुठे मिळाली, ताई?” त्याने पिशवी तिच्यापुढे धरली. “आता तुम्हीच सांगा, ही थोरलीला देऊ, की तिच्याहून चार मिनिटांनी धाकटी आहे तिला?”