जाड काठ

राष्ट्रकुल दिनाच्या समारंभाला दोनच तास उरले होते. सभागृहात सगळ्या सदस्य देशांचे झेंडे लावायचे आणि कार्यक्रम उरकला की पाहुण्यांनी आपापला झेंडा आठवण म्हणून मायदेशी न्यायचा, ही तिथली जुनी रीत. व्यवस्थापक घाईघाईनं एकेक झेंडा चाचपून बघत होते. एका झेंड्यापाशी त्यांचा हात थबकला. खालचा काठ भलताच जाड लागत होता.

"काकू, आयत्या वेळी हा काय घोळ घातलात?" म्हणत त्यांनी झेंडे शिवणाऱ्या काकूंच्याच कात्रीनं चार टाके उसवले. आतून घडी घातलेलं एक झबलं निघालं. धुऊन धुऊन विरलेलं.

काकूंनी मान खाली घातली. "माझ्या लेकीचं आहे, लहानपणीचं. हा झेंडा ज्या देशाचा, ती त्याच देशात नोकरीला गेली. मला जायचं होतं, पण तीनदा व्हिसा नाकारला."

व्यवस्थापकांना हसू आलं. मंचावर 'आपण सारे एक कुटुंब' असा फलक चढत होता, त्याकडे बोट करून ते म्हणाले, "अहो, आज सगळे घरचेच! आजी होणार वाटतं तुम्ही? मग असं चोरून कशाला, सरळ लेकीच्या नावानं कुरिअर करा की."

काकूंनी झबल्याची घडी पुन्हा नीट केली आणि सुईत दोरा ओवला.

"कुरिअरला घेणाऱ्याची सही लागते, साहेब. तिसरा अर्ज मी तिच्या मातीला जाण्यासाठी केला होता."