अहो-जाहो

तपासनीस शिडीवर चढले, विमानाच्या इंजिनाच्या उघड्या झाकणातून डोकं आत घातलं आणि बॅटरीचा झोत बोल्टांवर टाकला. पहिला ठीक. दुसरा ठीक. तिसऱ्यापाशी झोत थांबला.

बोल्टच्या डोक्यातल्या भोकातून तार ओवून पिळायची असते. ती अशी, की बोल्ट सुटायला लागलाच तर तारेने त्याला मागे खेचावं. तिसऱ्याची तार उलट्या बाजूने ओवली होती. ती त्याला सुटायला मदतच करणार होती.

खाली मेकॅनिक दोन्ही हातांनी शिडी धरून उभे होते. परवापर्यंत त्यांनी कधी कुणाची शिडी धरली नव्हती. पण काल त्यांच्या मुलाचं तपासनिसांच्या मुलीशी लग्न ठरलं, आणि वीस वर्षं एकमेकांना अरे-तुरे करणारे हे दोघे एका संध्याकाळीत व्याही झाले.

"काय व्याहीबुवा, पसंत आहे ना काम?"

तपासनिसांनी बॅटरी विझवली. सकाळी डबा हातात देताना मुलीने बजावलं होतं, "बाबा, त्यांच्याशी जरा नीट बोला हं. माझे सासरे होणारेत ते."

"कामाला काय झालंय, छानच आहे," ते म्हणाले. "फक्त ती तिसरी तार जरा... वेगळी वाटते."

"वेगळी म्हणजे?"

"म्हणजे उलटी असं मी नाही म्हणणार. पण सुलटी म्हणायलाही जीभ रेटत नाही."

"किती गोड बोलता हो तुम्ही! या खाली, चहा निवतोय."

तपासनीस खाली आले. कागदावर करणाऱ्याची सही झाली होती, बघणाऱ्याची जागा रिकामी होती. चार वाजता विमान निघणार, दीडशे माणसं घेऊन. त्यांनी पेन काढलं. खिशात ठेवलं. परत काढलं.

तेवढ्यात मॅडम आल्या. शेवटची सही त्यांची असायची.

"तुमची दोघांची तब्येत बरी आहे ना?"

"हो मॅडम. का?"

"सकाळपासून आवाज नाही. अकरा वर्षं मी तुमचं भांडण ऐकून मगच सही करत आलेय. आज काय ऐकून करू?"

तपासनिसांनी पेनाला टोपण लावलं आणि डोळे गच्च मिटले.

"अरे गाढवा, तिसरी तार उलटी पिळलीयेस."

पलीकडे कुणीतरी पाना आपटत होतं, तेही थांबलं. मेकॅनिक शिडी चढले. बराच वेळ आत डोकं घालून राहिले. उतरले तेव्हा त्यांचे कान लालभडक झाले होते. तपासनिसांना मुलीचा चेहरा आठवला.

"सकाळपासून ही शिवी तोंडात धरून बसला होतास?" मेकॅनिक म्हणाले.

"हो... म्हणजे..."

"पाच कामं दाखवली तुला आज. एकात खोट काढली नाहीस, एक शिवी दिली नाहीस. मला वाटलं, याला माझा मुलगा पसंत नाही."

तपासनिसांचा चेहरा हळूहळू उलगडला.

"मुलगा चांगला आहे. तुझ्यावर गेलेला नाही."

"पक्कड दे इकडे."

"दे काय, घे. हात मोडलेत का? आणि त्या आधीच्या चार कामांवर मी सही केलीय, तीही परत उघड. आता नीट बघतो."

"घरी आलास की अहो म्हणेन मी तुला. इथे नाही हं."

"घरीही एवढं नको. कसंतरीच होतं."

मॅडम पंखाखालच्या खुर्चीत बसल्या. शिडीवरून आणि शिडीखालून तारेच्या एका पिळावरून जुंपली होती. त्यांनी घड्याळात बघितलं, कागद मांडीवर घेतला आणि कान तिकडेच ठेवून सावकाश पेनाचं टोपण काढलं.