सात मार्च

"घरात काही बोलायचं असेल, तर आधी फोनवर उशी ठेव, दोरू," आई कुजबुजायची. हुकूमशाहीच्या त्या काळात सरकार फोनमधून ऐकतं, या भीतीनं ब्राशोवमधल्या आमच्या इमारतीत सगळेच तसं करत. आज माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात तो आवाज काही केल्या पाठ सोडत नव्हता. त्याच इमारतीत माझ्याबरोबर वाढलेली स्मारांदा लॅपटॉप उघडून समोर बसली होती.

"लेकीला घेऊन दोनदा स्टेशनवर गेले. दोन्ही वेळा नवरा माझ्याआधी फलाटावर हजर. तिकिटं मी यावरच काढली होती. आणि तुझा अँटिव्हायरस रोज सांगतो, सगळं ठीक आहे. झोपा काढतो का रे तो?"

"तो मोडतोड करणाऱ्याला धरतो. काही न मोडता नुसता बघत बसणारा त्याला घरचाच वाटतो. असा हेर शोधायला वेगळा प्रोग्राम लागतो."

"मग तो लाव. उद्या पुन्हा निघायचंय."

मी लावला. चष्मा पुसला, पुन्हा पुसला. पडद्यावर हेराचं नाव उमटलं आणि शेजारी तो बसवल्याची तारीख, सात मार्च.

"सात?" ती पुढे सरकली. "हा लॅपटॉप तर मला आठ मार्चला मिळाला, महिला दिनाची भेट म्हणून, फुलांसकट. सातला कुणाकडे होता?"

नुसतं नवऱ्याचं नाव घेतलं असतं, तरी चाललं असतं.

"माझ्याकडे," मी म्हणालो. "त्याच्या सांगण्यावरून हेर मीच बसवला, स्मारांदा. कुणासाठी, ते ठाऊक होतं. खोक्यावरची लाल फीतही मीच बांधली."