शेवटच्या तासाचा निळा चौकोन

“परत शेवटचा तास! माझ्या भूगोलाला काय कुणी वालीच नाही?” वळंजूबाई स्टाफरूमच्या पडद्यासमोर पुटपुटल्या.

पडद्यावरचं कॅलेंडर मुजावर सरांनी मोठ्या हौसेनं बेतलं होतं. रविवार काढून टाकला, फक्त शाळेच्या वेळा ठेवल्या, विषयांना रंग दिले आणि ते थेट वर्गातल्या बाकांना जोडलं. कोणतं पोर कधी पेंगतं हे बाकांना कळायचं, आणि त्यावरून कॅलेंडर स्वतःच आठवड्याचे तास लावायचं. बाईंच्या आग्रहाखातर सरांनी भूगोलाचा निळा चौकोन दोनदा सकाळकडे ओढला, पण तो आपला घरंगळत पुन्हा तळाशी.

“यंत्रालाही मी नकोशी झालेय. आजच बदलीचा अर्ज देते.”

सगळे आपापल्या चहात बघत राहिले. आपली कीव करताहेत, असं बाईंना वाटलं.

शेवटी रोज पहिला तास मिळवणाऱ्या, गणिताच्या खानविलकर सरांनी कप खाली ठेवला.

“बाई, सकाळच्या टवटवीत पोरांना कुणीही शिकवील. दमलेली पोरं फक्त तुमच्या तासाला ताठ बसतात, म्हणून कॅलेंडर तुम्हाला तिथं ठेवतं. आम्हां सगळ्यांत चांगलं तुम्हीच शिकवता.”