दर ऑगस्टला बंद पडणारा प्रोग्राम

तिसऱ्यांदा क्लिक केलं तरी प्रोग्राम उघडेना. तातेराव गुरुजींनी चष्मा काढला, वाचनालयात कोणी बघत नाही ना याची खात्री केली आणि हळूच हसले. आता प्रीतीला फोन करावाच लागणार होता.

जाफराबादच्या विहारातलं हे वाचनालय गुरुजी रिटायर झाल्यापासून सांभाळत होते. कोणतं पुस्तक कोणाकडं गेलंय ते सांगणारा प्रोग्राम त्यांच्या लेकीनं, प्रीतीनं, कॉलेजात असताना जावामध्ये लिहून दिला होता. ‘बाबा, जावात लिहिलेलं कुठल्याही कॉम्प्युटरवर चालतं,’ असं ती तेव्हा मोठ्या तोऱ्यात म्हणाली होती. कुठलं काय! सहा वर्षांमागं तिनं त्याची सुधारलेली फाईल आईकरवी पाठवली, आणि गेली पाच वर्षं ऑगस्ट सरत आला की ह्याचं रडगाणं सुरू.

पण गुरुजींना त्याचा राग नव्हता. सहा वर्षांमागं प्रीतीनं पुण्यात नोंदणी लग्न केलं आणि घरी आठ दिवसांनी कळवलं. पोरगा सोन्यासारखा. मुलींनी आपल्या मनानं जगावं, अशी भाषणं गुरुजींनी गावभर ठोकलेली. पण आपल्याला आधी सांगितलं नाही म्हणून हा माणूस लहान पोरासारखा रुसून बसला. लेकही त्यांचीच, ती तरी कशाला वाकते? आईशी तिचं रोज बोलणं व्हायचं. बापाशी मात्र वर्षातून एकदाच, प्रोग्राम बंद पडला की.

तो फोन चांगला पाऊण तास चाले. ‘उजवं बटण दाबा बाबा. दाबलं? आता मी पाठवलेली नवी फाईल तिथं टाका.’ गुरुजींना सगळं मिनिटात कळायचं, तरी ते मुद्दाम पुन्हा पुन्हा विचारायचे. तब्येतीचं नाही, जावयाचं तर नाहीच नाही. फाईल, फोल्डर, बटण. तेवढ्यावर बापलेक वर्ष काढायचे.

यंदा नंबर लावणार तेवढ्यात तृप्ती आत आली. ती गुरुजींची जुनी विद्यार्थिनी, जालन्याच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची.

“प्रीतीला कशाला तरास देता गुरुजी? मी हाय की,” असं म्हणून ती खुर्ची ओढून बसलीसुद्धा.

गुरुजींचा चेहरा पडला. नको म्हणावं तर कारण काय सांगायचं? त्यांनी मुकाट्यानं फोन खिशात टाकला.

तृप्तीनं प्रोग्राम आपल्या लॅपटॉपवर घेऊन पाहिला. त्या लॅपटॉपची सिस्टीमच निराळी होती. तरी तिथंही तो उघडेना. मग प्रीतीनं त्याच कोडावरून गुरुजींच्या मोबाईलसाठी जो प्रोग्राम केला होता, तो पाहिला. तोही बंद.

“तीन मशीन, तिघांची जात येगळी, आन् तिन्ही एकाच दिवशी बंद पडून राह्यले? ही जावाची खोड न्हाई गुरुजी. आतच काहीतरी हाय.”

तिनं फाईल उघडली आणि आतला कोड वाचायला घेतला. दहा मिनिटं ती एकेक ओळ चाळत गेली. मग ती खुदकन हसली.

“बिघाड न्हाईच. प्रीतीनं लिहूनच ठेवलंय. तेवीस ऑगस्ट उजाडला की बंद पडायचं. इथं पडलेल्या दर नव्या फाईलीत पुढच्या सालचा तेवीस ऑगस्ट. बस.”

“म्हंजे मुद्दाम?”

“बिलकुल मुद्दाम. पण हीच तारीख का, ते कळंना. वाढदिवस म्हणावा, तर तिचा एक जून. माझ्यासारखाच.”

एक जून ही गुरुजींचीच करामत. पहिलीत पोर घालायचं म्हटलं की रजिस्टरात जन्मतारीख एक जून. गावातल्या निम्म्या पोरांचा जन्म त्यांनी एकाच दिवशी उरकला होता, त्यात स्वतःची लेकही आली. घरात वाढदिवस करायची रीत नव्हती. मग दाखल्यावरची तारीख आधारकार्डावर गेली आणि हळूहळू गुरुजींच्या डोक्यातही तीच बसली.

चहा घेऊन आलेल्या कौसल्याबाईंनी ट्रे टेबलावर ठेवला. “एक जून तुमच्या रजिस्टरातली,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “लेक माझ्या पोटी तेवीस ऑगस्टला आली. तुमी ट्रेनिंगला जालन्याला गेल्ते.”

गुरुजींनी उचललेला कप पुन्हा ट्रेमध्ये ठेवला. पोरीनं या सहा वर्षांत काही म्हणून मागितलं नव्हतं. तेवढ्या एका दिवशी बापाचा फोन यावा, एवढीच सोय करून घेतली होती. आणि आपण शहाणे दर साली तो दिवस उजवं बटण, डावं बटण करत घालवला. त्यांना भडभडून आलं.

तृप्तीनं आपला चहा संपवला. “ती ओळ काढू का गुरुजी? मंग कधीच बंद पडनार न्हाई. का राहू द्यायची?”

“काढ,” गुरुजी म्हणाले.

कौसल्याबाईंनी चमकून त्यांच्याकडं पाहिलं. तृप्तीनं ओळ काढली, प्रोग्राम पुन्हा तयार केला. पुस्तकांची यादी उघडली. गुरुजींनी स्वतः दोन पुस्तकांच्या नोंदी काढून बघितल्या. सगळं बराबर होतं. मग ते उठले आणि फोन घेऊन विहाराच्या पायरीवर जाऊन बसले.

प्रीतीनं पहिल्याच रिंगला उचलला.

“बंद पडला ना बाबा? थांबा, नवी फाईल पाठवते. कॉम्प्युटरसमोर बसलात का?”

“न्हाई. प्रोग्राम चालू हाय.”

प्रीतीनं अगदी बारीक आवाजात विचारलं, “चालू आहे? मग फोन कशाला केलात, बाबा?”

“तुझा वाढदिवस हाय ना आज,” गुरुजी म्हणाले.