नावानं नको, नंबरानं

धाकट्या लेकीचं, सुकन्याचं, लग्न झालं, त्या वर्षी अक्काताई साठाव्या वर्षी वाचायला शिकल्या आणि अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याला, बाबगोंडांना, रोज थोडं वाचून दाखवू लागल्या. वाचनालयातून आणलेली रहस्यकथा निम्मी झाली आणि पुस्तक परत करायची तारीख आली. पुढच्या आठवड्यात त्याच नावाचं पुस्तक मिळालं, पण अक्षरं मुंगीएवढी. अक्काताईंना एक ओळ लागेना.

“खून कुणी केला, तेवढं तरी सांग,” बाबगोंडा म्हणाले.

“वाचता आलं तर सांगीन की!”

त्या तडक वाचनालयात गेल्या आणि चिठ्ठी पुढं केली. पहिल्या पुस्तकाच्या पाठीवरचा तेरा आकडी नंबर त्यांनी परत करतानाच उतरवून ठेवला होता.

ग्रंथपाल हसले. “मावशी, पुस्तक नावानं मागतात.”

“नावानं मागितलं म्हणून तर हे बारीक मिळालं. चाळीस वर्षं मागावर काढलीत मी, साहेब. नुसतं लाल सूत म्हटलं तर दहा लाल येतात. रंगाचा लॉट नंबर जुळला नाही तर कापडात पट्टा दिसतो.”

ग्रंथपालांनी नंबर संगणकात घातला. पुस्तक बालविभागात निघालं.

“अक्षरं मोठी बघून कुणीतरी तिकडं पाठवलंय.”

“खुनाचं पुस्तक? पोरांत?”

दोघंही खो खो हसले.

नऊ दिवसांत पुस्तक संपलं. खुनी घरजावई निघाला, तेव्हा बाबगोंडांनी पडल्या पडल्या टाळी वाजवली. “मी पहिल्यापासून सांगत होतो!”

त्यांनी तसं कधीच सांगितलं नव्हतं. अक्काताईंनी खुशाल मान डोलावली.

बाबगोंडा त्याच वर्षी माघ महिन्यात, एका सोमवारी सकाळी वारले.